वर म्हणजे कुठे

आमच्या साहेबांना ड्रॉइंग वाचलेलं चालत नसे. ते म्हणून दाखवावं लागे. बोट रेघेवर ठेवायचं, आवाज मोठा ठेवायचा आणि वीज जशी जाईल तसं आपण बोलत जायचं. "इथून निघाली, डब्यात आली, डब्यातून उजवीकडे वळली, ट्रान्सफॉर्मरला गेली." पाढे म्हणतात तसं. ठेकेदार असो, कंपनीचा मॅनेजर असो, की माझ्यासारखा केबलचे जॉइंट मारणारा असो, म्हटल्याशिवाय ड्रॉइंग हातात पडत नसे. म्हणताना माणूस कुठे अडखळला तर साहेब त्याला काही बोलत नसत. खोडरबर घेत. "तुम्ही अडखळलात ना, म्हणजे तिथे माझं चुकलंय," म्हणत, आणि तेवढा भाग पुसून पुन्हा काढत.

असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि त्या माणसाचं नाव ज्या एका वाक्यानं गेलं, ते वाक्य माझ्या तोंडचं होतं. वाक्य खरं होतं. खोटं असतं तर कधीतरी मागे घेतलं असतं.

डोंबिवलीला, पूर्वेला, पिठाच्या गिरणीवर त्यांची एक खोली होती. तेच ऑफिस. गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं आणि कागदावर पिठाचा पातळ थर बसायचा. त्यांचं ड्रॉइंग साइटवर उघडलं की आधी झटकावं लागे. माझा जोडीदार बाळाराम म्हणायचा, "साहेबाचा कागद ना, त्याची भाकरीच थापावी." खोलीत पंखा होता, पण लावायचा नाही. भर मे महिन्यात साहेब गळ्यात पंचा टाकून घाम पुसत रेघा मारत बसायचे. पुढे पवनचक्क्यांची कामं आली तेव्हा कंपनीचा मॅनेजर एकदा घामाघूम होऊन म्हणाला, "साहेब, वाऱ्यावर पोट तुमचं आणि ऑफिसात वाऱ्याला बंदी?"

साहेब म्हणाले, "वाऱ्याशी माझं भांडण नाही हो. पण त्याला कागद कळत नाही."

खालच्या गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजावरून ते व्होल्टेज सांगत. "आज दोनशे दहा." गिरणीवाला हसला की मीटर लावून दाखवत. दोन-तीनचा फरक, जास्त नाही. दळण घेऊन आलेल्या बायकांना खिडकीतून ओरडून सांगत, "आत्ता गहू देऊ नका, ती थकलीय आज, जाडं येईल पीठ." ती म्हणजे वीज. सगळ्या जगाला साहेब अहो-जाहो करत. हमालाला, चहावाल्याला, खोलीत झोपायला येणाऱ्या मांजरालासुद्धा "अहो, उठा" म्हणत. विजेला मात्र अगं-तुगं. "तिला वाट दिसली की ती जाणार. तिला तुमची-माझी ओळख नाही," हे तर रोजचं.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात. ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी एका डब्यात चुकीची केबल जोडली म्हणून तिथला ऑफिसर मला सगळ्यांसमोर झापत होता. ड्रॉइंग इंग्रजीत. मी चौथीत शाळा सोडलेली. पण मला इंग्रजी वाचता येत नाही हे मी आजवर कुणापुढे म्हटलेलं नाही, तेव्हा तर तरुण होतो. कोपऱ्यात साहेब उभे होते. त्यांनी कागद उचलला, माझ्या हातात दिला आणि विचारलं, "हे तुम्हाला वाचता येतं?"

"येतं की."

"दाखवा बरं."

मी कागद समोर धरला, वरपासून खालपर्यंत डोळे फिरवले, मान डोलावली. साहेबांनी कागद परत घेतला, घडी केली. बाहेर पडल्यावर बाळाराम माझ्या कानात म्हणाला, "दादा, तो कागद उलटा होता रं." साहेबांनी मुद्दाम उलटा दिलेला. त्यांनी ते बघितलं, पण हसले नाहीत, आणि त्या ऑफिसरलाही सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याच डब्याचं ड्रॉइंग आलं ते मराठीत. मोठी अक्षरं, जोडाक्षरं जमेल तेवढी टाळलेली. वर म्हणजे जिथून वीज येते ती बाजू, खाली म्हणजे जिथे जाते ती. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक कामाचं ड्रॉइंग दोनदा निघायचं, एक कंपनीला इंग्रजीत, एक आम्हाला मराठीत. कोणी विचारलं तर म्हणायचे, "हात ज्यांचा आत जाणार, त्यांना आधी कळलं पाहिजे. ऑफिसात बसलेल्यांना उशिरा कळलं तरी चालतं."

त्यानंतर पंधरा वर्षं मी आणि बाळाराम त्यांच्याच कामांवर. बाळाराम कल्याणजवळच्या आगरी गावचा, शाळेत गेलेलाच नाही. मी केबल सोलायचो, तारा जुळवायचो, आणि तो वरून तापलेलं शिसं ओतून चरबी लावलेल्या फडक्यानं ते गोल फिरवायचा. नारळासारखा गुळगुळीत जॉइंट. ते काम करताना लोक हात मागे घेतात. बाळारामनं कधी घेतला नाही. वर्तकनगरपासून खोपटपर्यंत आमचे जॉइंट जमिनीखाली आहेत. कुणाला शंका असेल त्यानं खणून बघावं.

आणि ड्रॉइंग म्हणण्यात माझ्यासारखा कोणी नव्हता, हेही लिहून ठेवतो. नवीन ठेकेदार आला की साहेब मला पुढे करायचे. "अहो जॉइंटर, यांना जरा म्हणून दाखवा." इंजिनिअर झालेली माणसं माझ्याकडून शिकली आहेत.

पवनचक्क्या आल्या त्या नव्वदनंतर चार-पाच वर्षांनी. सातारच्या बाजूला एका पठारावर कंपनी चक्क्या उभ्या करत होती, आणि त्या चक्क्यांची वीज गोळा करून सबस्टेशनपर्यंत आणायची आखणी साहेबांकडे आली. एवढ्याशा खोलीत, पिठात. साहेब महिनाभर नीट जेवले नाहीत. मला म्हणाले, "अहो, आयुष्यभर आपण वीज वाटली. कारखान्यात वाटली, इमारतीत वाटली. आता गोळा करायची आहे. वाटणारा हात वेगळा, गोळा करणारा वेगळा."

मला काही कळलं नाही. मग त्यांनी दुधावर सांगितलं. "गावात डेअरीचा माणूस फिरतो ना? टोकाच्या घराला तो छोटी बरणी घेऊन जातो. पुढच्या घरी दूध वाढलं, म्हणजे भांडं मोठं. डेअरीजवळ येईपर्यंत मोठे कॅन. तसंच हे. टोकाच्या चक्कीला केबल बारीक, खाली येऊ तशी जाड." आठ चक्क्यांची एक माळ. प्रत्येक चक्कीच्या पायाशी एक ट्रान्सफॉर्मर आणि एक डबा. माळ पठाराच्या माथ्यावरून सुरू होऊन उतारावरच्या सबस्टेशनला उतरायची. शेजारी तशीच दुसरी माळ. हे मी तेव्हाच पाठ करून टाकलं.

भांडण लागलं ते माथ्यावरून. साहेबांचं म्हणणं, दोन्ही माळांची वरची टोकं माथ्यावर एकमेकांना जोडायची, मध्ये एक स्विच ठेवायचा. म्हणजे एका माळेची केबल खाली कुठे तुटली तर तिची वीज माथ्यावरून फिरून दुसरीतून खाली येईल, चक्क्या बंद उभ्या राहणार नाहीत. कंपनीला तो जोड नको होता. मॅनेजर म्हणाला, "साहेब, एका नवरीला दोन दारं कशाला?"

"एक दार अडकलं तर ती बाहेर कशी येणार?"

"मग चक्की बंद ठेवू की चार दिवस."

"वारा आलेला असताना?" साहेबांचा चेहरा असा झाला की कुणी त्यांच्या ताटातलं उचललंय. "अहो, तो काय पुन्हा त्याच वाटेनं येतो?"

दोन वर्षं भांडले, पण तो जोड करून घेतला. त्यांना त्याचा फार अभिमान होता.

त्या जोडाचं मराठी ड्रॉइंग काढताना साहेब चार दिवस एका शब्दावर अडले. शब्द म्हणजे 'वर'. आम्हा लाइनवाल्यांच्या बोलण्यात वर म्हणजे जिथून सप्लाय येतो तिथे. तुमच्या घरीही तेच. लाइट गेली की बाई शेजारणीला विचारते, "आपलीच गेली की वरून गेली?" म्हणजे पॉवरहाऊसकडून गेली का. पण पवनचक्कीत वीज येते चक्कीकडून आणि जाते सबस्टेशनला. मग वर कुठलं आणि खाली कुठलं? साहेब ज्याला त्याला विचारत सुटले. गिरणीवाल्याला विचारलं. वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, विचारलं. त्या स्वयंपाकघरातून ओरडल्या, "तुमच्या वर-खालीत माझा भात लागला खाली!" चौथ्या दिवशी मी गेलो तर मलाच धरलं.

"अहो जॉइंटर, पठारावर वर म्हणजे कुठे हो?"

मला कल्याणला जायची घाई होती. मी चपला घालत म्हटलं, "त्यात काय विचारायचं साहेब? वर म्हणजे वर. माथ्यावर. डोंगर चढून जायचं तिकडे."

साहेबांचा चेहरा उजळला. "अगदी बरोबर. पायाला कळतं ते वर." आणि माथ्यावरच्या जोडाला त्यांनी लिहिलं 'वरचा स्विच', सबस्टेशनमधल्याला लिहिलं 'खालचा स्विच'. माळेवर काम करायचं तर दोन्ही बंद, कारण वीज दोन्हीकडून येऊ शकते. माझ्यासमोर लिहिलं. मी ते वाचलं आणि गाडी गाठायला निघून गेलो.

जोड सुरू होऊन महिना झाला असेल. पाचव्या चक्कीच्या डब्यात ओल शिरली, केबलची टोकं नव्यानं करायची होती. काम आम्हाला आलं. ठाण्याच्या कंपनीच्या ऑफिसात साहेब ड्रॉइंग घेऊन आले. बाळाराम तिथे नव्हता, तो सामान घेऊन खोपटच्या डेपोत एसटीजवळ थांबला होता. ऑफिसात मॅनेजर होता, त्याचे तीन-चार इंजिनिअर होते, सगळे कोवळे. साहेबांनी कागद टेबलावर पसरला, झटकला आणि माझ्याकडे बघितलं.

मॅनेजर म्हणाला, "चला काका, आज कुठली कविता?"

पोरं हसली. मी पन्नाशीला आलेला माणूस. ती माळ मी माझ्या हातानं जोडलेली. कानाची पाळी तापली, दुसरं काही नाही. मी म्हटलं, "साहेब, मी काय बालवाडीत आहे काय? माहितीय मला सगळं. द्या इकडे."

"एकदाच म्हणा. जोड नवीन आहे."

"नाही म्हणणार."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. पंधरा वर्षांत त्यांना कोणी असं म्हटलं नव्हतं. त्यांनी मॅनेजरकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. मला वाटतं, इतक्या माणसांत मला खाली बघायला लावायचं त्यांच्या जिवावर आलं. उलटा कागद बघूनही न हसणारा माणूस तो. त्यांनी घडी केली आणि कागद माझ्या हातात दिला. "बरं. तुम्ही म्हणता तर."

तो कागद मी एसटीत उघडला नाही. पठारावरही उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सबस्टेशनच्या माणसांनी त्यांचा स्विच बंद केला, कुलूप लावलं आणि मला चिठ्ठी दिली, सप्लाय बंद. आयुष्यभराची सवय. सप्लाय बंद म्हणजे वरून बंद. आम्ही चढून पाचव्या चक्कीपाशी गेलो. वारा चांगला होता, आमच्या माळेच्या चक्क्या कामासाठी थांबवलेल्या, शेजारची माळ जोरात फिरत होती. डब्याचं झाकण काढलं. बाळारामनं जमिनीला जोडायची साखळी काठीला अडकवली. काम करण्याआधी ती उघड्या टोकांना लावायची असते, म्हणजे उरलीसुरली वीज जमिनीत जाते. त्याच्याही आधी टेस्टर लावायचा असतो. टेस्टर खाली सबस्टेशनमध्ये राहिला होता.

बाळारामनं विचारलं, "दादा, वरचा बंद हाय ना?"

मी म्हटलं, "वरून बंदच आहे. चिठ्ठी आहे माझ्या खिशात."

माथ्यावरचा स्विच चालू होता. शेजारच्या माळेची वीज त्या जोडातून आमच्या डब्यात येऊन उभी होती. साखळी टेकली आणि डब्यातून जाळ बाहेर आला. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. बाळारामला मी पाठीवर घेऊन जीपपर्यंत उतरलो. त्याचा उजवा हात कोपरापासून गेला. डाव्याची बोटं गेली, तळवा तेवढा राहिला.

चौकशी ठाण्यातच झाली, कंपनीच्या त्याच ऑफिसात. मोठे साहेब लोक बसलेले. मॅनेजरही होता. आमचे साहेब एका बाजूला खुर्चीवर, मांडीवर हात ठेवून. मराठी ड्रॉइंग टेबलावर होतं.

"यात 'वरचा स्विच' लिहिलंय. तुम्ही त्याचा अर्थ काय घेतला?" मला विचारलं.

"सबस्टेशन. लाइनवाले सप्लायच्या बाजूला वर म्हणतात."

"म्हणजे शब्दच घोटाळ्याचा आहे. हा शब्द कुणी घातला?"

मी तोंड उघडेपर्यंत साहेब म्हणाले, "मी." माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"आणि ड्रॉइंग मराठीत कुणाच्या परवानगीनं?"

"माझ्याच."

मग त्यांच्यातला एक जण कागद चाळत मला म्हणाला, "हे म्हणे प्रत्येकाकडून ड्रॉइंग म्हणून घेतात. त्या दिवशी तुमच्याकडून म्हणून घेतलं होतं का?"

मॅनेजर टेबलाकडे बघत होता. हसणाऱ्यांत तो पहिला होता, त्याला सगळं ठाऊक होतं. त्याला तो जोडही नको होता आणि साहेबही नको होते. तो बोलणार नव्हता. उरलो मी. मला घरी दोन मुली होत्या, पण ते कारण नाही. मला कुणापुढे तरी 'मला कळलं नव्हतं' असं म्हणावं लागणार होतं, भर माणसांत, आणि ते मला आयुष्यात जमलेलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "त्या दिवशी म्हणून घेतलं नाही."

साहेबांनी मान हलवली. "बरोबर सांगतायत ते. घेतलं नाही."

एवढ्यावर चौकशी संपली. मराठी ड्रॉइंगं बंद झाली. माथ्यावरचा जोड काढून टाकला. आता तिथे केबल तुटली की चार-चार दिवस चक्क्या उभ्या राहतात, आणि वारा येऊन जातो. साहेबांना पवनचक्कीचं काम पुन्हा कुणी दिलं नाही. कारखानेवाल्यांपर्यंतही बातमी गेली, अमक्याच्या ड्रॉइंगमुळे माणसाचे हात गेले. जो माणूस हातांसाठी सगळं दोनदा काढायचा, त्याच्या नावावर हे लागलं.

मी वर्षभर गेलो नाही. मग एकदा गेलो. खोली तीच होती. टेबल रिकामं, आणि डोक्यावर पंखा जोरात फिरत होता. उडून जाईल असं काही उरलं नव्हतं. साहेब भिंतीला टेकून बसले होते. मला बघून म्हणाले, "या. बसा."

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगून टाकलं. "साहेब, तुम्ही म्हणून घेत होतात. मीच नाही म्हणालो."

"हो. ऐकलं होतं मी."

"आणि 'वर' हा शब्दही माझाच होता."

"लिहिला कुणी?"

"तुम्ही."

"मग झालं तर." ते भिंतीपासून जरा पुढे सरकले. मग म्हणाले, "तुम्ही 'नाही' म्हणालात आणि मी ऐकलं. ऐकायला नको होतं. ती चूक माझीच. कंपनीनं काय लिहिलं त्याचं मला काही वाटत नाही. लिहू देत." त्यांचा आवाज इथे बारीक झाला. "पण बाळाराम. त्यांच्याकडे मी तीनदा जाऊन आलो. त्यांच्या पत्नी दारातूनच म्हणाल्या, तुम्ही येऊ नका. आतून ते म्हणाले, 'त्याच्या त्या वर शब्दानी माझं हात नेलं, त्याला सांग.' मी ऐकलं ते. अहो, तुमच्या-माझ्यात काय झालं हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही असा एकच माणूस आहे. त्यांना तेवढं सांगाल? की तो म्हातारा मला म्हणायला लावत होता. एवढंच. मला बाकी काही नको."

"सांगतो," मी म्हटलं. "रविवारीच सांगतो. दर रविवारी येतो तो माझ्याकडे."

ते उठून दारापर्यंत आले. पूर्वी कधी यायचे नाहीत.

बाळाराम खरंच दर रविवारी यायचा. गावातून चालत कल्याणपर्यंत, सदऱ्याची उजवी बाही पिन लावून दुमडलेली. त्याला दुसरं जायला ठिकाण नव्हतं. त्याचे भाऊ त्याच्याशी बोलताना त्याच्या हाताकडे बघायचे, म्हणून त्याला घरात बसवायचं नाही. माझ्याकडे तो दुपारभर बसायचा. माझ्या बायकोकडून तो चहा पीत नसे, तिला संकोच वाटेल म्हणायचा. कप मी धरायचो. दर वेळी केव्हातरी म्हणायचा, "तू उचलून नेलंस म्हणून हाय मी, दादा. नायतर तिथंच..." आणि मी म्हणायचो, सोड रे.

त्या रविवारी सांगणार होतो. त्या रविवारी त्याच्या पोरीला बघायला आलेली माणसं हात बघून उठून गेली होती, ते तो सांगत बसला. पुढच्या रविवारी तो हसत आला होता, म्हणून नाही सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारी माझ्या घरी पाहुणे होते. माणसाला न सांगायला किती रविवार मिळतात, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. दीड वर्ष गेलं. मी डोंबिवलीला गेलो नाही, कारण साहेब विचारणार. आणि विचारणार नाहीत तर आणखीच कठीण.

मग गिरणीवाला एक दिवस बाजारात भेटला. म्हणाला, "तुम्हाला कळलं नाही? साहेब गेले. बुधवारी. झोपेतच गेले. पाच-सहा माणसं होतो आम्ही. वहिनी तुमची वाट बघत होत्या, म्हणाल्या, जॉइंटर येतील, थांबा थोडं."

त्या रविवारी बाळाराम आला तेव्हा त्यालाही कुठून तरी कळलं होतं. भिंतीला पाठ लावून बसला. बायकोनं चहा आणून माझ्यापुढे ठेवला आणि आत गेली.

"साहेब मेला म्हणं," तो म्हणाला.

"गेले."

"बरा झाला." त्यानं डाव्या तळव्यानं गुडघा चोळला. "मी रोज मागायचू रं, दादा. देवाजवल. आधी तो जाव दे, मंग मी. आता बरा वाटतंय जरा. छाती हलकी झाली."

मी कप उचलून त्याच्या तोंडाजवळ नेला. आता सांगायला हवं होतं. साहेबांना पोचणार नव्हतं, पण याला पोचलं असतं. मी तोंड उघडलं. तोच त्यानं डोळे मिटून पुढे झुकून ओठ कपाला लावले आणि चटकन मागे घेतले.

"फुंक मार ना जरा," तो म्हणाला. "गरम हाय."

मी फुंकर मारली.